तांदळाच्या डब्यातला फोन
तांदळाच्या डब्यात हात खुपसला, कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला आणि ती सकाळ आठवली. आदल्या रात्री खराडीच्या ऑफिसात रात्रभर काम होतं, म्हणून सात महिन्यांच्या लेकीला पहिल्यांदाच येरवड्याला आई-बाबांकडे मुक्कामी ठेवलं होतं. सकाळी सहापासून आईला फोन लावत होते, नुसती रिंग वाजत होती. बाबा मोबाइल वापरतच नाहीत. रिक्षात बसल्यापासून "लवकर चला" म्हणत होते. "ताई, सिग्नल तरी सुटू द्या," रिक्षावाला वैतागला. दार बाबांनी उघडलं. मागे आईच्या खांद्यावर लेक, नुकती न्हालेली, वेखंडाच्या वासाची. "फोन कुठंय तुझा?" मी ओरडलेच. आईनं बाबांकडे पाहिलं. "तांदळाच्या डब्यात," बाबा म्हणाले, "मीच ठेवला. पोर जरा किरकिरली की ही तुला फोन लावायला धावायची. सकाळी पोरीच्या आंघोळीच्या गडबडीत काढायचा राहिला." मी फोन काढला. माझे सतरा मिस्ड कॉल होते, आणि त्यांच्या खाली, आईनं रात्रीत मला लावून लगेच तोडलेले तीन. आज तीच लेक शाळेच्या सहलीला पहिल्यांदा मुक्कामी गेली आहे. मी माझा फोन तांदळात खोल पुरला, झाकण घट्ट लावलं आणि डब्यासमोरच बसून राहिले.