न फुटलेला नारळ

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा अकोल्याच्या साइटवर स्लॅब निम्मा टाकून झाला होता. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मिक्सरच्या घरघरीत शोभावहिनींचं बोलणं मला दोनदा ऐकावं लागलं. ‘भाऊजी, हे गेले...’ इतकंच. आदल्या संध्याकाळी तर हा माणूस चिवड्यात लसूण कमी पडला म्हणून माझ्याशी फोनवर भांडला होता. मी मिक्सरवाल्याला हात केला, म्हटलं बंद कर. मालक गेला म्हणजे काम थांबतं, तेवढंच मला कळत होतं. आमची सुपरवायझर रेखा वरून धावत आली. तिला सांगितलं. ती मटकन विटांवर बसली, रडली, मग ओढणीनं तोंड पुसून उठली. “सर, तुमी निघा अमरावतीले. स्लॅब अर्धा नाई सोडता येत, जुन्या-नव्या मालात सांधा राहून जाते.” आणि मिक्सर पुन्हा सुरू करायला तिनंच सांगितलं. मूर्तिजापूर येईपर्यंत मला त्या पोरीचा भयंकर राग येत होता.

विनू आणि मी पॉलिटेक्निकपासूनचे दोस्त, पुढे भागीदार. तो वरूडचा, घरची संत्र्याची बाग सोडून ठेकेदारीत पडलेला. आमच्या धंद्यात स्लॅबच्या दिवशी मालकानं मिक्सरपुढं नारळ फोडायचा, मगच पहिलं घमेलं उचलायचं. विनूनं हा रिवाज असा काही अंगाला लावून घेतला होता, की तो पोचला नाही तर चाळीस माणसं सावलीत बसून राहायची. एकदा तर वहिनींना चिखलदऱ्यात हॉटेलवर सोडून हा घाट उतरून खाली आला, नारळ फोडला आणि परत वर गेला. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. पाण्याची मोटर जळाली तरी लोक त्यालाच फोन करायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. मलाही बरं पडायचं. जबाबदारी त्याची, मी आपला नकाशे बघणारा.

मग छातीत पहिला झटका आला. दवाखान्यातल्या खाटेवर नाकात नळी, आणि फोन वाजतोय, कारण तिकडे रेती आली होती आणि ती कुठे टाकायची ते कुणाला ठरवता येईना. त्या दिवशी विनू घाबरला. मरणाला नाही, त्या फोनला. मला म्हणाला, “पाह्य, मी गेलो तं हे सारं चार दिवसांत बसते. इतक्या घरच्या चुली आपल्यावर हायत बे.” बरा होऊन आल्यावर त्यानं एकच नियम केला. नारळ मालकानं फोडायचा नाही. ज्यानं सेंट्रिंगखाली, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या फळ्यांखाली, वाकून जाऊन एकेक टेकू हातानं हलवून पाहिला, त्यानंच फोडायचा. त्याचं मन मानलं नाही तर नारळ फुटणार नाही, स्लॅब टाकला जाणार नाही. मी हसलो. म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा आहे हा. तो म्हणाला, “हाकायच्याच नाईत. शेळ्यांना रस्ता ठाऊक पाहिजे.”

बोलणं सोपं होतं. पुढच्याच वर्षी अकोल्यात एका बंगल्याचा स्लॅब होता. घरमालकानं मुहूर्त काढलेला, पाहुणे जमलेले, पेढे आलेले. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. विनू पाहुण्यासारखा खुर्चीवर बसला होता, बोलणार नाही असं मला कबूल करून. रेखा नारळ घेऊन सेंट्रिंगखाली गेली. पातूरची पोर, डिप्लोमा करून आमच्याकडे लागून वर्ष झालेलं. बाहेर आली तर नारळ तसाच हातात.

“भाऊ, आज नाई. टेकूखालची काळी माती फुगली. फळ्या टाकाव लागतीन.”

मुहूर्ताची दहा मिनिटं उरली होती. घरमालकाचा चेहरा उतरला. विनू मला दिलेला शब्द विसरला, ताडकन उठला. “थोडीशी ओल हाय, त्यानं काई होत नाई. फोड नारळ.”

“नाई भाऊ.”

“मालक कोन हाय? तू का मी?”

वरची माणसं घमेली धरून खाली बघत होती. रेखानं नारळ त्याच्या पायाशी ठेवला. “मंग तुमीच फोडा. पन आधी खालून जाऊन या.”

तो गेला. त्या अडचणीत वाकून वाकून गेला, आणि मी बाहेर उभा राहून त्याच्या श्वासाकडे कान लावून होतो. झटक्यानंतर त्याला वाकायची मनाई होती. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, तळहात चिखलानं भरलेले. घरमालकापुढे हात जोडून म्हणाला, “साहेब, आज नाई होत.” नारळ स्वतः उचलून गाडीत घेतला. बडनेऱ्याजवळ म्हणाला, “आता मी मेलो तरी चालते.” मी म्हटलं, तोंड सांभाळ. तो हसत होता आणि डोळे पुसत होता.

तो नारळ त्यानं ऑफिसात टेबलावर ठेवला, पेपरवेटच्या जागी. कुणी विचारलं तर सांगायचा, “मले नाई म्हटलेला नारळ हाय.”

विनू गेला त्या दिवशी स्लॅब दुपारी पूर्ण झाला. अंत्ययात्रेला सगळी माणसं सिमेंटच्या अंगानंच आली. मी तेव्हा रेखाशी बोललो नाही, बोलायला हवं होतं.

तेरवीनंतर अमरावतीतला पहिला स्लॅब. दोन्ही गावांच्या साइट्सचा भार आता माझ्यावर, जीव टांगणीला लागलेला, त्यात दुपारी अकोल्याला पोचायचं होतं. रेखा खालून बाहेर आली, हातात नारळ तसाच. “दोन टेकूंच्या पाचरी ढिल्या हायत, सर.” मी तडकलो. मालक कोण आहे, हे शब्द अगदी ओठावर आले... तिनं नारळ माझ्या पायाशी ठेवला. मी खाली गेलो, टेकू हलवले. दोन हलले. तो नारळ मी तसाच उचलून गाडीत ठेवला.

परवा वहिनी ऑफिसात त्याचा चष्मा न्यायला आल्या. टेबलावरचा जुना नारळ त्यांनी उचलून कानाशी हलवला. आतलं खोबरं सुटलंय, खुळखुळ वाजतं. मग शेजारचा उचलला. त्यात अजून पाणी आहे.

“हा कोणाचा?” त्यांनी विचारलं.

“तो माझा,” मी म्हणालो.