साडू, गहू आणि एकवीस किलोमीटर

माझ्या साडूंइतका गव्हाचा द्वेष करणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आजवर झालेला नाही, पुढे होण्याची शक्यता नाही, आणि चुकून झालाच तर साडू त्याला आपला शिष्य म्हणून जाहीर करतील. सापाला, पोलिसाला, बायकोला भिणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. चपातीला भिणारा हा एकच. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, केंदूरच्या. मी थोरला जावई, ते धाकटे. शिरूरला माझं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे; ते पाटसला राहायचे आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचे. दिवसभर काचेच्या नळीत बघून त्यांची नजर अशी झाली होती, की समोरच्या माणसातही त्यांना आधी भेसळच दिसायची.

त्यांच्या द्वेषाला आधार होता, हे मान्य करायला हवं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत हा माणूस पार वाळून गेला. खाल्लेलं अंगी लागेना, पोट कायमचं बिघडलेलं. केंदूरला कुजबुज सुरू झाली, की धाकट्या जावयाला क्षय आहे आणि मुलाकडच्यांनी तो लपवला. सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, चारचौघींत बोलून गेल्या, "थोरली दुकानात दिली आन् धाकटी दवाखान्यात दिली." हे वाक्य दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने पाटसला पोचलं. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी निदान केलं, की क्षयबिय काही नाही. गव्हात ग्लुटेन नावाचा जो चिकट पदार्थ असतो तो यांच्या आतड्याला सोसत नाही. गहू जन्मभर बंद, एक कणसुद्धा पोटात जाता कामा नये. दुसऱ्या कुणी हे निमूट पाळलं असतं. साडूंनी त्याचा पंथ काढला.

घरातून गहू हद्दपार झाला. बायको-पोरांना चपाती खावीशी वाटली की ती शेजारी जाऊन खायची आणि हातपाय धुऊन घरात यायची. पाटसच्या चहाच्या टपरीवर साडू येणाऱ्या-जाणाऱ्याला बाजरीच्या भाकरीची महती सांगायचे. तीही अशा सुरात, की बाजरीचा शोध आपण गेल्याच महिन्यात लावला. एकदा एका म्हाताऱ्या आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमचा आजा जलमभर भाकरीच खात व्हता. त्यो काय मग मोठा डाक्टर व्हता व्हय?" साडू म्हणाले, "दूरदृष्टी होती त्यांना, आप्पा." आप्पांनी चहा अर्धा टाकला आणि उठून गेले.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे कोर्टात साक्षीला बसणं. भाकरी ते घरून रुमालात बांधून आणायचेच, पण वाढपी आमटी घेऊन आला की उलटतपासणी सुरू व्हायची. या हाताने पुरी वाढली का? पळी कोणत्या पातेल्यातली? आणि शेवटचा, हुकमी प्रश्न: आमटीत हिंग आहे का? कारण डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे त्यांनी वाण्याच्या दुकानात डबी उलटी करून वाचलं होतं. एका लग्नात ते खरोखरच चुलवणापाशी जाऊन आचाऱ्याकडे हिंगाची डबी मागू लागले. आचारी आधीच घामाघूम. तो झारा उगारून म्हणाला, "सायेब, डबी देतो, पर आमटीबी तुमीच करा." आमची अख्खी पंगत तोवर कोऱ्या भातावर हात धरून बसली होती.

पण कळस झाला तो धोंड्याच्या महिन्यात. अधिक महिन्यात जावयाला बोलावून गव्हाच्या पिठाचे, पुरण भरलेले धोंडे तुपाची धार सोडून खाऊ घालायचे, हा आमच्याकडचा मोठा मान. मामी पहाटेपासून पुरण वाटत होत्या. साडू पाटावर बसले, ताटाकडे बघितलं आणि मामींना आतड्याची रचना समजावून सांगू लागले. आत बारीक केस कसे असतात, ते कसे झडतात, झडल्यावर माणसाला काय काय होतं, सगळं. समोर पुरण, भोवती शेजारच्या बायका. मामींनी ऐकून घेतलं आणि ताट उचललं. "आमी काय इख कालवलंय व्हय त्यात?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मामींनी धाकट्या जावयाला आपल्या हाताने वाढणं बंद केलं. ते केंदूरला आले की मामी गोठ्यात निघून जायच्या आणि ताट धाकटी वाढायची.

त्याच सुमारास साडू पळायला लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. साडूंना कमी करायला सांगितलेली गोष्ट सोडून सगळं जास्त करायची सवय. अर्ध्या चड्डीत, कपाळाला पट्टी बांधून ते पाटस-दौंड रस्त्याने पळू लागले. गळिताचा हंगाम, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाले आदबीने थांबायचे. "बसा की सायेब, दौंडात सोडतो." साडू भडकायचे. कारखान्यातला एक बिहारी कामगार रोज कळवळून विचारायचा, "साहब, आज भी बस छूट गई क्या?" एकदा तर कुणीतरी सायकल टाकून त्यांच्यामागे धावलं. एवढा शिकलेला माणूस असा पळतोय म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, अशी त्याची समजूत. मला मात्र त्यांनी भेटेल तिथे पोटावरून डिवचलं. "साडूभाऊ, हे पोट न्हाई, हे गव्हाचं गोदाम हाय." माझं पोट माझ्या कमाईचं होतं, त्यामुळे मी त्यांना फारसा जवळ करत नव्हतो.

मग दौंडच्या एका व्यायाम मंडळाने अर्धी मॅरेथॉन ठेवली: दौंडहून पाटसपर्यंत आणि परत, एकवीस किलोमीटर. साडू खास शिरूरला दुकानात आले. व्याख्यानाच्या तयारीने मी गल्ला बंद केला, तर हा माणूस खाली बघून म्हणाला, "मामींना घेऊन या. त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं पाहिजे. त्यांच्या मनातला क्षय अजून गेलेला न्हाई." त्यांना पहिलं यायचं नव्हतं. दौंडपर्यंत धडधाकट पळत आलेला जावई सासूला दिसावा, एवढंच त्यांना हवं होतं.

मी मामींना न्यायला केंदूरला गेलो. आधी नाही म्हणाल्या. मग धाकटीला बघायच्या निमित्ताने तयार झाल्या. चौफुल्याला गाडी बदलून आम्ही शर्यतीच्या दोन दिवस आधी पाटसला पोचलो आणि आक्रीतच घडलं. मामींनी पिशवी ठेवली, पदर खोचला आणि लेकीला चुलीपुढून उठवलं. दोन्ही दिवस साडूंची भाकरी त्यांनी स्वतः थापली, गरम गरम ताटात टाकली आणि समोर बसून म्हणाल्या, "खावा पाव्हणं, पळायचं हाय." साडू नको इतकं जेवले. हिंगाचं नावसुद्धा काढलं नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांचा चेहरा जरा उतरलेला दिसला, पण ते म्हणाले, शर्यतीआधी असं होतंच.

रविवारी सकाळी पाटसच्या वळणावर मामी आणि मी उभे होतो. साडू आले; पळत होते, पण रंग पांढराफटक, एक हात पोटावर. मामींकडे बघून त्यांनी दुसरा हात हलवला आणि परत फिरले. मला राहवेना. आम्ही जीप धरून मागोमाग निघालो. थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला ते उसातून बाहेर येताना दिसले आणि बांधावर मटकन बसले. मामी उतरून धावल्या. पदराने त्यांचा घाम पुसत म्हणाल्या, "काय झालं ओ पाव्हणं? नुसत्या बाजरीवर कुठनं येनार ताकद, म्हनून मी पिशवीतनं गव्हाचं पीठ आनलं व्हतं. दोन दिस मूठ-मूठ कालवलं भाकरीत. तरी न्हाई व्हय पुरलं?"

मी डोळे मिटून घेतले. आता आतड्याची रचना येणार, बारीक केस येणार, भर रस्त्यात म्हातारी रडणार. साडूंनी तोंड उघडलं. मामींचा पदर अजून त्यांच्या कपाळावर होता. त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "माझाच सराव कमी पडला, मामी."

उरलेलं अंतर ते चालत आले, आणखी दोनदा उसात जाऊन. दौंडला पोचले तेव्हा मंडपाचे बांबू सोडत होते. सगळ्यांत शेवटचे. मंडळाच्या माणसाने त्यांच्या हातात नारळ ठेवला. मामी म्हणाल्या, "असू द्या. कुडीच नाजूक तुमची. झेपत न्हाई तर कशापायी पळायचं?" चपातीच्या तुकड्यावरून अख्ख्या गावाशी भांडलेला तो माणूस म्हणाला, "व्हय मामी. न्हाई झेपत."

स्टँडवर मी त्यांना बाजूला घेऊन फैलावर घेतलं. चार दिवस अंथरुणात काढावे लागतील हे त्यांनाही ठाऊक होतं. "का न्हाई सांगितलं?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर त्या परत कधी माझ्यापुढं बसल्या असत्या का?" त्या क्षणी मला हा माणूस आवडला. तोपर्यंत तो माझा फक्त नातेवाईक होता.

पुढे मामी पाटसला आल्या की काही ना काही कारण काढून पीठ मळायला धाकटी बसायची. मामींनी मात्र आपला निष्कर्ष काढला होता: लेकीच्या घरात गहूच नाही, म्हणून जावई अशक्त. त्या दर उन्हाळ्यात केंदूरहून गव्हाची गोणी धाडू लागल्या. ती शिरूरला माझ्या दुकानात उतरायची आणि तिथेच राहायची, कारण पाटसच्या घरात गहू शिरणं शक्य नव्हतं. साडू फोन करून मामींना सांगायचे, "गहू एक नंबर हाय, मामी. चपात्या अशा फुगतात!" आणि मामी शेजारणींना सांगायच्या, की धाकट्या पाव्हण्यांच्या अंगावर आता जरा मास दिसायला लागलंय.

मामी गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात साडूंचा दुकानात फोन आला. मोटारींचा भाव विचारला, उन्हाचं बोलले, माझ्या पोटाची चौकशी केली. आणि मग म्हणाले, "साडूभाऊ, औंदा गहू न्हाई आला?"

"कोण धाडणार आता?" मी म्हणालो.

"तेही खरंच," ते म्हणाले. पण फोन लवकर ठेवला नाही.