कोरा राहिलेला चौकोन

आक्काची शाळा माझ्यामुळं सुटली. चाळीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते आधी संगणकाला.

वाचकानं वाट निवडत जायची, अशा गोष्टी लिहायला मी गेल्या वर्षी शिकलो. त्याचं सॉफ्टवेअर सोपं आहे. एक चौकोन उघडायचा, त्यात प्रसंग लिहायचा, खाली दोन पर्याय द्यायचे. प्रत्येक पर्यायातून बाण निघतो आणि त्याच्या टोकाला नवा कोरा चौकोन तयार होतो. पहिली गोष्ट ओळखीच्या जागेची असावी म्हणून मी आमचं वडगावचं घर घेतलं. आत कापड विणायच्या मागाचा खडखडाट, मागच्या खोलीत त्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी आक्का, दारात मी.

पाचव्या चौकोनात बाई आल्या. कांड्या भरण्यापायी आक्का महिनाभर सातवीच्या वर्गात गेली नव्हती, तेव्हा तिच्या बाई खरंच दारापर्यंत आल्या होत्या. खाली मी पर्याय लिहिले: 'आक्काला हाक मार' आणि 'ती आता येणार नाही, असं सांग'. दुसऱ्या पर्यायामागं भराभर लिहीत गेलो, कारण घडलं तेच होतं. ती शाळेत गेली असती तर कांड्या मला भराव्या लागल्या असत्या. पहिल्यामागचा चौकोन कोराच राहिला.

अशी गोष्ट दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. आपली वाट आपल्याला पाठ असते. दिवाळीला आक्का बोरगावहून आली, तेव्हा धीर करून फोन तिच्याच हातात दिला.

"ह्यो कसला खेळ रं? चित्र न्हाय, गाणं न्हाय."

"गोष्ट हाय आक्का. फुडं काय करायचं ते तू ठरवायचं."

"व्हय? लई लवकर इचारलास की!"

हसत हसत ती वाचत गेली. बाई दारात आल्या तिथं तिनं दोन्ही पर्याय पुन्हा वाचले. मग तिनं 'आक्काला हाक मार' यावर बोट टेकवलं. पडदा पांढरा.

"हितं काय न्हाय की रं."

"लिवायचं ऱ्हायलंय."

"बाई खरंच आलत्या?" तिनं फोन खाली ठेवला. "मला वाटायचं, शाळेत कुणाला माझी आठवणच न्हाय."

"आलत्या. तू आत हुतीस, मागाच्या आवाजात तुला ऐकू आलं न्हाय. मी हाक मारली न्हाय. तू येणार न्हाईस म्हणून मीच सांगितलं. कांड्या भराय लागतील म्हणून. माझं चुकलं, आक्का."