रोह्याचा बाप्तिस्मा आणि माझा जळफळाट

रूथचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला, "ताई, रविवारी बाळाचं चर्चमध्ये आहे, ये." मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, बाप्तिस्म्याला बाळ हातावर घेणार ती मीच. सख्खी मावशी असताना धर्ममाता दुसरी कोण होणार? पांढरं झबलं शिवलं, लेस लावली आणि पेणच्या स्टँडवर सकाळची रोह्याची एसटी पकडली.

जाणाऱ्यांसाठी सांगते, रेल्वेनेही जाता येतं, पण गाड्या मोजक्याच. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, म्हणून मी एसटीवाली. नागोठण्यापर्यंत हाडं खिळखिळी होतात. खांब गावाच्या आसपास मात्र वालाची शेतं अशी हिरवीगार की मोबाईल पिशवीत टाकला. कोलाडला गाडी थांबली तर कांदाभजी खाच, गरम मिळतात. शेजारच्या आजींनी झबलं पाहिलं.

"कोनाचं गो?"

"भाच्याचं. मी धर्ममाता हाय त्याची." खुशाल सांगून टाकलं!

रोह्याची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, मोजकीच, भाड्याच्या हॉलमध्ये जमणारी. बहुतेक कंपनीत शिफ्ट करणारी कुटुंबं. आम्ही लूथरन पंथाचे ख्रिस्ती तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतो. बाळाला काही कळत नसलं तरी देणारा देव असतो, असं आमचं म्हणणं. तर बाळ कुठे? रूथच्या शेजारच्या सुलभावहिनींच्या मांडीवर! त्यांचं बोट मुठीत धरून निवांत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या टेबलावर पाण्याचं भांडंही नव्हतं. "पाणी कुठाय?" मी रूथला विचारलं.

"ताई, बाप्तिस्मा झालाय. दवाखान्यातच." तिने मान खाली घातली.

बाळ जन्मल्या जन्मल्या आजारी होतं, एवढंच मला मागाहून कळवलं होतं. हे नाही. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, सुलभावहिनींना पुढे बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "कोणी दिला? कशाने? कोणते शब्द म्हणून?"

"मीच दिला. पोर निळं पडत चाललं व्हतं, तुमी येईपर्यंत थांबायला वेळ नाय. पेल्यातलं पानी तीनदा डोक्यावर घातलं, पिता, पुत्र आनि पवित्र आत्म्याच्या नावानं."

"हा खरा बाप्तिस्मा आहे. जीव धोक्यात असेल तर कोणीही ख्रिस्ती माणूस तो देऊ शकतो," पाळकसाहेबांनी जाहीर केलं. मग प्रार्थना झाली, आणि धर्ममाता म्हणून वचनही वहिनींनीच दिलं.

चहाच्या वेळी मी पाळकसाहेबांना गाठलंच. "साहेब, घाईगडबडीत दिलेला तो. आज नीट थोडं पाणी घाला ना पुन्हा."

"घाई माणसाला होती, देवाला नव्हती. त्याने एकदा आपलं म्हटलं, ते कच्चं होतं असं आपण कसं म्हणायचं?"

माझा राग मात्र तसाच. तो रूथवर काढला. "मला का नाही बोलावलंस गं?"

"तू पोचेपर्यंत तो राहील असं वाटलं नव्हतं, ताई." एवढं बोलून ती रडायलाच लागली. झबलं शेवटी वहिनींनीच घातलं त्याला. मापात बसलं, मेलं!

संध्याकाळी घरी आले. नवऱ्याने विचारलं, "झाला का बाप्तिस्मा?" "झाला," म्हटलं आणि भाकऱ्या थापायला बसले. भाचा ठणठणीत आहे, देवाची कृपा. वहिनींचे उपकार फिटायचे नाहीत, हेही कळतं. तरी हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? बाळ जगतंय की जातंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याच्या डोक्यावर पाणी घालणारे हात माझे असायला हवे होते.