ओठ दिसायला हवेत

चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत काचा घासणाऱ्या बाईला सगळे काचताई म्हणत. एकोणिसाव्या वर्षी तापात तिचे कान गेले, ते गेलेच. तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ वाचायची, आणि इतकं चोख की नवं गिऱ्हाईक दहा मिनिटं बोलून गेलं तरी त्याला पत्ता लागत नसे. सव्वीस वर्षं काचा घासल्यावर तिच्या मनाने घेतलं, आता डोळे तपासायची परीक्षा द्यायची. मालक म्हणाले, "पास हो, दुकानातली पुढची, डोळे तपासायची खुर्ची तुझी."

परीक्षेचे धडे एक निवृत्त सर इंटरनेटवर टाकत. फोनवर त्यांचे ओठ तांदळाच्या दाण्याएवढे दिसत, म्हणून घरातल्या जुन्या टीव्हीवर इंटरनेट दिसावं यासाठी वहिनीने त्याला जोडायचा एक स्वस्तातला बॉक्स आणला. तळहातावर मावेल एवढा काळा डबा, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत: फोर के, चार जीबी, सुपरफास्ट.

पहिल्याच धड्याला सरांचा चेहरा अडखळायला लागला. ओठ उघडायचे, तसेच राहायचे आणि एकदम मिटलेले दिसायचे. मधला शब्द गडप. सरांनी भिंगाचा नंबर सांगितला, काचताईने 'दोन' लिहून घेतला आणि पुढचं गणित काही जुळेना. तीनदा मागे नेऊन पाहिलं. शेवटी वहिनीला शेजारी बसवलं.

"पावणेदोन म्हणतायत," वहिनी म्हणाली.

'पावणे' डब्याने गिळलं होतं.

"आम्हाला तर सगळं नीट येतंय," भाऊ म्हणाला. "खाली अक्षरं उमटतात, ती वाच की."

"ती अक्षरं भिंगाला भांग म्हणतात. तुम्हाला आवाज पुरतो रे. मला ओठ दिसायला हवेत."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. तिने टेबलावर बोट वाजवलं. "वर बघून बोला. मला ऐकू येत नाही."

त्याने झाकण उघडलं, डबा टीव्हीला लावून पाहिला आणि मग सावकाश, तिच्याकडे बघून म्हणाला, "नाव मोठं, लक्षण खोटं. चार जीबी लिहिलंय, आत एकच आहे. हल्लीचे व्हिडिओ नव्या पद्धतीने आवळून पाठवतात, ते उलगडायची सोय या चिपमध्ये नाही. कसंबसं करते, दमते आणि मधली चित्रं टाकून देते. आवाज तेवढा सोडत नाही. आवाज तुटला की लोक भांडायला येतात."

"आणि चित्र तुटलं तर?"

"बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. माझ्याकडचे बाकीचे बॉक्स याचीच भावंडं. चांगला मागवला तर दोन महिने लागतील."

परीक्षा सात आठवड्यांवर आली होती. काचताईने डबा पिशवीत टाकला. "मग याच्याकडून जेवढं निघतं तेवढं काढते."

काच घासताना एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची तिला सवय. तिने तेच केलं. नको ती ॲप उडवली. दोन-चार हट्टी निघाली, डबा चालू केला की परत हजर. चित्राचा दर्जा एकेक पायरी खाली आणला. दोन पायऱ्या उतरल्यावर चित्र धुरकट झालं, फळ्यावरचं दिसेना, पण ओठ सलग हलू लागले. फळ्यासाठी तिने फोन शेजारी ठेवला. अर्ध्या तासाने डबा तापून पुन्हा रखडायचा, म्हणून त्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला.

"माणसाला नाही एवढी हवा त्याला," भाऊ म्हणाला.

"तुला शिकवता येतं का? मग तुलाही लावते."

चौदा धडे झाले आणि एका सकाळी धड्यांचं ॲप उघडेचना. पडद्यावर एकच ओळ: या उपकरणावर हे ॲप आता चालणार नाही. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. डब्यातल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी, आणि बनवणाऱ्याने डबा विकल्यापासून ती कधी सुधारली नव्हती.

काचताई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी तिने सरांना पत्र लिहिलं. सगळी हकिकत सांगून विचारलं, 'उरलेले धडे जुन्या पद्धतीने साठवून पेन ड्राइव्हवर द्याल का? माझा डबा जुनं ते नीट दाखवतो. आणखी एक. मिशांमुळे तुमचा वरचा ओठ दिसत नाही. राग मानू नये.'

वहिनीने वाचून कपाळाला हात लावला. "मिशांचं कशाला लिहिलंत ताई? द्यायचे तेही देणार नाहीत."

आठव्या दिवशी पाकीट आलं. पेन ड्राइव्हवर अठरा धडे होते. शेवटचे सहा सरांनी नव्याने घेतले होते, मिशा बारीक करून. सोबत चिठ्ठी: 'पाच वर्षं शिकवतोय, माझे ओठ कोणाला लागतात हे कळलंच नव्हतं. मिशांबद्दल आमच्या घरूनही तुमचे आभार आहेत.'

जुन्या पद्धतीचे धडे डब्याने एकदाही न अडखळता दाखवले. काचताईने ते प्रत्येकी दोनदा पाहिले.

तोंडी परीक्षेत परीक्षक कागद तोंडापुढे धरून प्रश्न वाचायला लागले. "कागद जरा खाली घ्या साहेब," ती म्हणाली. त्यांनी घेतला. लेखीत ती काठावर पास झाली, तोंडीत केंद्रात दुसरी आली.

मालकांनी शब्द पाळला. पुढच्या खुर्चीवर बसल्यावर तिने पहिलं काम केलं ते दिव्याचं: तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर नीट पडेल असा वळवून घेतला. मग दारात उभ्या असलेल्या आजोबांना म्हणाली, "या, बसा. आणि माझ्याकडे बघून सांगा, काय दिसत नाही ते."