पार्कच्या हॉटेलात मुक्काम करावा का?

निघायच्या आधी आठवडाभर आमच्या घरात एकच वाद चालला होता: पार्कच्या आतल्या हॉटेलात राहायचं की बाहेर? शिर्डीच्या अलीकडे ते जे मोठं पार्क आहे, पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा आणि सिमेंटचे हत्ती असलेलं, त्यांनी आवारातच स्वतःचं हॉटेल बांधलंय. मिरजगावातल्या निम्म्या मैत्रिणींनी मला बजावलं होतं की आधी तू जाऊन ये आणि सांग, आत राहण्यात काही अर्थ आहे का. तेव्हा सांगते. पण मला कुठलीच गोष्ट दोन वाक्यांत सांगता येत नाही, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत आहे.

"पार्क तर संध्याकाळीच बंद होतं," आमचे हे म्हणाले. "मग रात्री आत राहून काय त्या हत्तींची राखण करायची? शिर्डीत लॉज काय कमी आहेत?"

त्यांचं चुकत नव्हतं. एरवी मीच असं म्हणाले असते. पण कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या माझ्या आईनं मान वर न करता विचारलं, "तितं राह्यलं तर ईश्वरी रातीला आपल्यापाशी झोपंल ना?" आणि वाद तिथेच संपला.

ईश्वरी माझी भाची. माझी थोरली बहीण मनीषाताई राहुरीला दिली होती. तीन वर्षांपूर्वी ती दुखण्यात गेली, तेव्हा ईश्वरी पाच वर्षांची होती. वर्षभरानं दाजींनी दुसरं लग्न केलं. घरात लहान लेकरू, करायलाच हवं होतं, आम्ही कुणी नाही म्हटलं नाही. आई लग्नाला गेली नाही. मात्र तिनं सोनाराकडून चांदीचा टाक (पत्र्यावर उठवलेली बाईची छोटीशी आकृती) करून पाठवला. आमच्याकडे जुनी रीत आहे की दुसरेपणाची बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते. त्यानं गेलेलीचा मान राहतो आणि नवीला तिचा त्रास होत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. एकदा घातला की तो काढायचा नसतो. पण शीतल, म्हणजे दाजींची नवी बायको, डी.एड. झालेली. हल्लीच्या शिकलेल्या मुली असलं कुठं घालतात? "पेटीत टाकला आसंल," असं आई दर सणाला एकदा तरी म्हणायची.

त्यानंतर ईश्वरी मिरजगावला राहायला आलीच नाही. कधी परीक्षा, कधी क्लास, कधी ताप. आणि राहुरीच्या त्या घराच्या उंबऱ्यात आईचा पाय अडखळायचा. ते घरही नको आणि हेही नको, अशी तिसरी जागा म्हणजे ते हॉटेल. शिवाय पोरीनं मोबाईलवर तिथला जहाजासारखा पलंग पाहिला होता. आईला एकच रात्र हवी होती. नातीला कुशीत घेऊन तिला तिच्या आईच्या गोष्टी सांगायच्या, ती विसरून जायच्या आत. मी खोली ठरवून टाकली. 'माय मरो आणि मावशी जगो' म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याची बहीण गेली नसणार.

एप्रिलातली सकाळ होती. गाडी आमच्या बी-बियाण्याच्या दुकानाची, त्यामुळे मागच्या सीटला खताचा वास कायमचा बसलेला. चालवायला मी. 'बाई गाडी चालवते' हे बघायला रुईछत्तीशीच्या चहाच्या टपरीवर माणसं अजूनही मान वळवतात. त्यांना बघू दे. नगर ओलांडलं, विळद घाट उतरला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग बदलला. आमच्याकडे या दिवसांत नुसती करडी ढेकळं असतात. इथं मुळेच्या पाण्यावर ऊस हिरवागार उभा. "मनीला म्हनूनच हिकडं दिली हुती," आई खिडकीतून बघत म्हणाली. "म्हटलं, पोरगी पान्याच्या गावाला जाईल."

राहुरीला दाजी कामावर गेले होते. शीतल ईश्वरीला घेऊन फाटकातच उभी होती. साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात बारीक मंगळसूत्र. "आई, चहा तरी घ्या," ती म्हणाली. तिनं 'आई' म्हटलेलं आमच्या आईला कधीच रुचलं नाही. "उन्हं चढत्यात. जातो," एवढंच ती बोलली, पण तिची नजर मात्र शीतलच्या गळ्यावरून हलत नव्हती. शीतल गाडीत वाकली, ईश्वरीच्या कानात काहीतरी पुटपुटली, तिच्या दप्तराची चेन दोनदा ओढून पाहिली आणि मागं झाली.

गाडी वळल्याबरोबर आईनं मला हळूच कोपर मारलं. "बघितलंस? मोकळा गळा हाय."

"ओढणीखाली असेल," मी म्हटलं. पण टाक नव्हता, ते मीही पाहिलं होतं. मला शीतलचा रागच आला.

कोल्हारला प्रवरेचा पूल, मग बाभळेश्वर, मग राहात्याच्या पेरूच्या बागा. ईश्वरी आधी नाक दाबून बसली होती ("मावशी, गाडीत खत का झोपतं?"), पण आकाशपाळण्याचं टोक दिसलं तशी सीटवर उभी राहिली. पार्कच्या दारात आमची पहिली फजिती झाली. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. आईनं पहाटे उठून केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी रखवालदारानं पिशवीतून बाहेर काढली.

"ह्यात काय बाँब हाय का रे बाबा?" आईनं विचारलं.

"मावशी, नियम हाय. मला बी वाईट वाटतंय, वास लई झ्याक येतोय," तो म्हणाला. त्यालाही एक धपाटा देऊन आम्ही बाकीचे गाडीच्या सावलीत बसून संपवले.

दुसरी फजिती पाण्याशी झाली. साडी नेसून पाण्यात उतरता येत नाही, भाड्याचा नायलॉनचा पोशाख घालावा लागतो. "या वयात चड्डी घालून नाचू व्हय?" म्हणत आई काठावरच्या खुर्चीवर बसली, ती बसलीच. मी मात्र घातला. कशी दिसत होते ते विचारू नका. लाटांच्या तलावात भोंगा वाजला की खोट्या लाटा येतात आणि शे-दोनशे माणसं एकदम किंचाळतात. पहिल्या लाटेला ईश्वरीनं माझा दंड घट्ट धरला, दुसऱ्या लाटेला सोडला आणि खदखदून हसली. हसताना एक डोळा बारीक होतो तिचा. ताईचा व्हायचा, अगदी तस्साच. मी पाण्यात होते ते बरं झालं, तोंड ओलं असण्याचं कुणाला कारण द्यावं लागलं नाही.

काठावर टॉवेलनं तिचं डोकं पुसताना आईनं सुरुवात केली. "तुजी आई बी लहानपनी पान्याला लई भ्यायची. आन एकदा का उतरली की निघायची न्हाई."

"हो का?" ईश्वरी म्हणाली, आणि लगेच, "आजी, तिकडं दुकान आहे. मला मम्मीसाठी काहीतरी घ्यायचंय."

तिनं शीतलसाठी किल्लीला लावायचा निळा मासा घेतला. आई त्या माशाकडे बघत राहिली. मग टॉवेलाच्या घड्या घालत मला म्हणाली, "इसरली गं पोरगी. तीन वर्सं म्हंजे लेकराला लई झाली." मी आईस्क्रीम आणायला गेले.

संध्याकाळी हॉटेलात गेलो. आता जे तुम्हाला हवंय ते सांगते. खोली उत्तम, थंडगार, चादरी पांढऱ्याशुभ्र. जहाजासारखा पलंग खरोखर जहाजासारखा, त्याला सुकाणूही आहे. हॉटेलात राहणाऱ्यांना सकाळी इतरांच्या आधी पाण्यात सोडतात. खालच्या टेबलावरच्या मुलीनं "बेबी तुमचीच ना?" असं विचारलं, तेव्हा माझ्या आधी आई बोलली, "आमचीच." फार दिवसांनी तिला असं ठासून बोलताना ऐकलं.

खिडकीतून पार्क दिसत होतं. आकाशपाळणा थांबला. घसरगुंड्यांचं पाणी बंद झालं. सगळी माणसं गेली आणि ते हत्ती रिकाम्या रस्त्यावर तसेच उभे. दिवसभर हसलेली ईश्वरी आता दप्तर छातीशी धरून बसली होती. आईनं पलंगावर मांडी घातली, हातानं गादी चाचपली आणि शेजारची जागा थोपटली. "ये. गोष्ट सांगते तुला."

पोरगी गेली नाही. तिनं दप्तराची चेन उघडली, तळातून एक रुमाल काढला आणि तो उलगडला. आत काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक होता. वापरून वापरून गुळगुळीत झालेला, आकृतीचे नाकडोळे पार झिजलेले.

"ही आई," ती म्हणाली. "मम्मीच्या गळ्यात असते. झोपताना मी हातात धरते."

आई पलंगावरून खाली उतरली आणि रुमालाजवळ वाकली.

"आज मी इकडं आणि मम्मी तिकडं. मग आई कुणाकडं राहणार? म्हणून मम्मीनं मला दिली. म्हणाली, आजीला दाखवू नको, काढलेली बघून आजीला वाईट वाटेल." मग ती माझ्याजवळ सरकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मावशी, पण पप्पांची आई म्हणते, टाक काढला की मम्मी आजारी पडेल. मम्मी म्हणाली, एका रात्रीनं काही होत नाही. नाही ना होत?"

मी "नाही गं, काही होत नाही" म्हटलं. पण तिचे डोळे माझ्यावर नव्हतेच, ते आजीवर होते. या बाबतीत मावशीचं मत चालत नाही, एवढं तिला कळत होतं.

आईनं टाक हातात घेतला. बोटानं त्याचं झिजलेलं तोंड पुसलं. सकाळपासूनचा तो मोकळा गळा माझ्याही डोळ्यांपुढे आला, आणि मला शीतलचा आलेला राग आठवून शरम वाटली. मला ठाऊक होतं आईच्या मनात काय चाललंय. ती ह्या एका रात्रीसाठी किती महिने थांबली होती. पोरीला "काही होत नाही, झोप" एवढं म्हणायचा अवकाश, रात्र तिची होती.

"गाडी काढ," आई म्हणाली.

"आई, जेवण सांगितलंय. सकाळी लवकर निघू की."

"लेकराला रातभर घोर लावू व्हय? आन ती बाई तितं उघड्या गळ्यानं पडलीय, आपल्या पोरीपायी. ऊठ."

खाली त्या टेबलावरच्या मुलीला वाटलं खोली आवडली नाही. "तसं न्हाई गं बाय, खोली लई चांगली हाय," आईनं तिची समजूत घातली.

बाभळेश्वर येईस्तोवर ईश्वरी आजीला पाण्यातल्या गमती सांगत होती. कोल्हारच्या पुलावर तिचा आवाज थांबला. मी आरशात पाहिलं. पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, मुठीत टाक. आई तिच्या ओलसर केसांतून हात फिरवत होती आणि तिच्याशी अगदी हळू बोलत होती. मनीची पहिली शाळा, मनीनं विहिरीत टाकलेली कळशी, मनीचं लग्न. सगळं झोपलेल्या पोरीला सांगत होती. मी गाडी मुद्दाम हळू चालवली. मागचे ट्रक हॉर्न देऊन, शिव्या घालून पुढं गेले, जाऊ दिले. त्या दिवशी राहुरी थोडी लांब असती तर बरं झालं असतं.

दार शीतलनंच उघडलं. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला. "काय झालं? बरी आहे ना पोरगी?" माझ्या खांद्यावर झोपलेल्या ईश्वरीचं कपाळ तिनं आधी चाचपलं आणि मग तिला आईच्या हातातला टाक दिसला. "आई, माझं चुकलं. काढायला नको होता. पण ती त्याच्याशिवाय..."

"वळ तिकडं," आई म्हणाली.

शीतल पाठमोरी झाली. आईनं तिची वेणी बाजूला सारली, दोरा गळ्यात घातला आणि मानेमागं गाठ मारायला लागली. गाठ बसेना. मी पुढं झाले, तर तिनं मला मानेनंच नको म्हटलं. गाठ बसल्यावर तिनं शीतलला खांद्यानं आपल्याकडं वळवलं, टाक चिमटीत धरला, आणि लहानपणी आम्हा दोघींना दम भरायची तसल्या आवाजात त्याच्याशी बोलली, "मने, पोरगी हिच्या हाती हाय. हिला काय बी हू द्यायचं न्हाई. ऐकलंस का?"

शीतल रडायला लागली. मीही. आई तेवढी रडली नाही.

"रातचं राहा आई. अंथरूण टाकते. ईश्वरी मधे झोपेल," शीतल डोळे पुसत म्हणाली. आई उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. तिनं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. ताईनं शेवटचं दुखणं त्याच खोलीत काढलं होतं. "पुढच्या खेपंला," ती म्हणाली. "आज न्हाई व्हायचं माझ्याच्यानं." निळा मासा मी शीतलच्या हातात ठेवला आणि आम्ही वळलो.

तर पार्कच्या हॉटेलात मुक्काम करावा का? करावा. खोली चांगली आहे, माणसं चांगली आहेत, गादी मऊ आहे. फक्त सोबत नेलेलं लेकरू रात्रीसुद्धा आपलंच असायला हवं. नसेल, तर दिवसभराचं पाणी खेळून परत फिरावं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू सकाळीच येऊन बसल्या. "त्या हाटेलात झोप लागली का वो नीट?" त्यांनी आईला विचारलं.

आई शेंगा फोडत होती. "नातीला लागली," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर. कोल्हारपासनं राहुरीपतूर."