बुरुल अपा आणि दूध न पिणारी पाहुणी

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बुरुल अपाचं तोंड आयुष्यात कधी पोळलं नव्हतं, पण फुंकणं मात्र समजायला लागल्यापासून चालू होतं. रेडिओवर उद्या ऊन पडेल असं सांगितलं की ती वाळत घातलेला नमदा, लोकरीचं जाड अंथरूण, आत घ्यायची. समोरचा माणूस फार गोड बोलू लागला की तिचा डावा डोळा हळूच मिटायचा आणि ती एवढंच म्हणायची, "असं होय."

गुरांचा डॉक्टर सादिर त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणात आला तो गाडीत एक परदेशी पोरगी घेऊन. फेमके तिचं नाव, हॉलंडची. गुरांची डॉक्टरकी शिकत होती आणि ओढ्याच्या अलीकडच्या तंबूवाल्यांच्या गाईंचं रक्त तपासणार होती. वाटेवर पहिला तंबू अपाचा लागला, आणि दाराशी आलेला पाहुणा पुढं ढकलायची रीत त्या डोंगरात नाही. अपानं तिला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं, रोटी मोडली, सायीचं भांडं पुढं सरकवलं आणि मग तिच्यावर नजर ठेवत बसली.

पोरीनं आधी रोटी पालथी ठेवली. अपानं ती सुलटी केली; पालथी रोटी म्हणजे अन्नाचा अपमान. परदेशात रोटीला पाठपोट नसेल, असं म्हणून तेवढं सोडूनही दिलं. पण पोरीनं साय हसत हसत बाजूला सारली. दूध नको म्हणाली. चहासुद्धा कोराच घेतला. तंबूत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. जडावल्या अंगानं चालणारी सून आइजादा हातातली कळशी तशीच धरून उभी राहिली. तिला आठवा लागला होता आणि सकाळ-संध्याकाळ काश्का गाईचं धारोष्ण दूध हेच तिचं औषध होतं.

सादिरनं समजावून सांगितलं. न तपासलेल्या गाईचं कच्चं दूध प्यायचं नाही, असं हिला शिकवलंय. सारिप नावाच्या रोगाची बाधा झालेली गाय गाभ टाकते. तिचं दूध पिणाऱ्याला ताप येतो, सांधे धरतात आणि पोटुशी बाई असली तर तिलाही धोका. अपाला सारिप माहीत होता. तिचा दीर त्या दुखण्यात वाकला तो पुन्हा सरळ झाला नाही. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या गाईकडं बोट दाखवलेलं चालवून घेणं वेगळं.

"असं होय," अपा म्हणाली.

दुसऱ्या सकाळी संशयाला चांगलं खत मिळालं. पोरगी काश्काकडं बघून आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "सुंदर गाय," आणि थुंकली नाही. कुणाच्या जनावराचं कौतुक केलं की नजर लागू नये म्हणून थू-थू करतात, हे तिच्या कॉलेजात शिकवत नसावेत. अपानं तिच्या वाटणीचंही थुंकून टाकलं आणि तडक ओढा ओलांडून सायराकडं गेली.

सायरा तिची लहानपणची मैत्रीण. अपाचं म्हणणं असं, की जी पाहुणी गाईचं दूध पीत नाही पण गाईला सुंदर म्हणते, तिचा डोळा गाईवर आहे. रक्तात काही निघालं म्हणायचं आणि खाटकाच्या गाडीत घालायचं. घरात दुभती गाय एकच, आणि सून अशी अवघडलेली.

"बुरुल, देव दारात आला तरी तू आधी त्याचे दात बघशील," सायरा म्हणाली.

"बघेनच. वय लपवत असला तर?"

सायराची गायही तांबडी, कपाळावर पांढरा पट्टा असलेली. शिवाय ओढ्यापलीकडची, म्हणजे तिला सुई लागायची नव्हती. अपाला सगळ्या परदेशी पोरी सारख्याच दिसायच्या, तेव्हा पोरीलाही आपल्या गाई सारख्याच दिसत असणार, असा तिनं विचार केला. तो चुकला नाही. तपासणीच्या वेळी काश्का टेकडीमागं चरत होती आणि सायराची गाय तिच्या नावावर रक्त देत होती. सादिर तेव्हा एका माजोरी खोंडाशी झटत होता, त्याला मान वळवायलाही सवड नव्हती.

पुढच्या आठवड्यात सगळ्या गाईंचे निकाल घेऊन सादिर हसतच तंबूत शिरला, मागोमाग फेमके. काश्का निर्दोष होती. आइजादानं लगेच दुधाचा कटोरा भरून तोंडाला लावला.

निर्दोष होती ती सायराची गाय. काश्काचं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजवर साऱ्या जगावर रोखलेला संशय पहिल्यांदाच तिच्या स्वतःवर वळला. दूध तापवून पी, असं तिनं सुनेला सुचवून पाहिलं. सून म्हणाली, "अपा, आता तर डॉक्टरांनीच सांगितलं. तुम्ही आता त्यांच्यावरही संशय घेता?" सगळ्यांचा विश्वास बसला होता, आणि तो बसू नये हे जाणणारी ती एकटीच होती.

त्यात फेमके पुढं सरकली. एवढ्या दिवसांत तिला कळलं होतं की आपण पहिल्या दिवशी काय घोटाळा केला. रोटी तिनं सुलटी ठेवली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि दोन्ही हात पुढं करून म्हणाली, "अपा, दूध. आता पिते."

आइजादानं कौतुकानं कटोरा काठोकाठ भरून दिला. पोरीनं तो ओठांशी नेला.

अपानं तो हिसकावून घेतला.

पाहुण्याच्या तोंडचा घास काढणारं माणूस त्या कुरणात कुणी पाहिलं नव्हतं. सांडलेलं दूध नमद्यात जिरत होतं आणि कुणी पुसायलाही उठलं नाही.

"पिऊ नकोस," अपा म्हणाली. "ती गाय सायराची होती."

"कोणती?" सादिरनं विचारलं.

"रक्त दिलेली." मग सुनेकडं न बघता म्हणाली, "आणि तूही ठेव तो कटोरा."

सादिर म्हणाला, "अपा, सुईला गाय भ्याली होती की तुम्ही?" आणि त्यानं ते सगळं पोरीला सांगितलं. पोरगी रागावेल म्हणून अपा तयारीत बसली होती. पण ती उठली, सुई घेतली आणि काश्काकडं गेली. गाईच्या मानेवर हात ठेवला आणि आधी दोनदा थुंकली. थू-थू.

रक्त गोठून वर पिवळं पाणी निवळेपर्यंत अपा जागची हलली नाही. पोरीनं पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्या पाण्याचा एक थेंब ठेवला, त्यात गुलाबी औषध कालवलं आणि ती फरशी हळूहळू डोलवायला लागली. सारिप असला तर रंग फुटून दाणे धरतात, सादिर म्हणाला. अपानं नाक जवळजवळ थेंबात घातलं होतं. गुलाबी थेंब सायीसारखा मऊ राहिला.

"निर्दोष," सादिर म्हणाला.

"असं होय," अपा म्हणाली. "रंग काय, कुणीही कालवेल." तिनं काश्काचं दूध कटोऱ्यात ओतलं आणि पोरीसमोर धरलं. "तू पी आधी."

फेमके प्यायली. अपा तिच्या तोंडाकडं नाही, गळ्याकडं बघत होती, घोट खरंच खाली उतरतो का ते. एक उतरला, मग दुसरा. कटोरा अर्धा झाला तेव्हा अपाचा मिटलेला डावा डोळा उघडला, आणि तिनं कटोरा पुन्हा पोरीच्या हातातून काढून घेतला.

"पुरे," ती म्हणाली आणि उरलेलं दूध आइजादाला दिलं.